सदोष वस्तू परत मागविण्याची व्यवस्था आणि घरातील धोके

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भारतीय स्वयंपाकघरात प्रेशर कुकर इतका रुळला आहे की ते एक दाबपात्र आहे, याचा सहसा विसरच पडतो. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. कुकरमध्ये वातावरणाच्या दाबाहून सुमारे एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका अधिक दाब निर्माण होत असल्याने हा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. दाब मर्यादेत राहावा यासाठी शिट्टीची योजना असते. शिट्टीचे छिद्र तुंबले, तर झाकणावरील सुरक्षा झडपेतील कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. म्हणजे माणसाचा जीव ज्या भागावर अवलंबून आहे तो जेमतेम बोटाच्या पेराएवढा असून बाजारात सुटाही मिळतो. तो अस्सल की नकली, हे डोळ्यांनी पाहून सांगता येत नाही. ग्राहकाला स्वतः पारखता येत नाही अशा गोष्टीची हमी कोणी द्यावी, हा वस्तुसुरक्षेच्या कायद्यामागील मूळ प्रश्न होय.

१५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तेथील काँग्रेसला पाठविलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले. त्यांत सुरक्षिततेचा हक्क पहिला होता. १९७२ मध्ये त्या देशात ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र आयोग स्थापन करणारा कायदा झाला. १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्यापाठोपाठ भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ आला. त्याला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबर १९८६ रोजी मिळाली. म्हणूनच २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो.

१९८६ च्या अधिनियमात धोकादायक मालाचा उल्लेखच नव्हता, असे विद्यार्थी अनेकदा लिहितात. ते बरोबर नाही. जीवित व मालमत्तेस धोकादायक अशा मालापासून संरक्षणाचा हक्क त्यात नमूद होता आणि असा माल विक्रीतून काढून घेण्याचा आदेश देण्याचा अधिकारही ग्राहक मंचांना होता. उणीव निराळ्या ठिकाणी होती. एक तर मंच तक्रार आल्याशिवाय हालचाल करू शकत नव्हता. दुसरे असे की, विक्रीतून माल काढून घेणे आणि विकला गेलेला माल परत मागविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत दुकानाचे फडताळ रिकामे होते. दुसरीत, म्हणजे ज्याला इंग्रजी शब्दानेच सर्वत्र ‘रिकॉल’ म्हणतात तीत, घरोघरी पोहोचलेली वस्तू शोधून काढावी लागते, ग्राहकाला सावध करावे लागते आणि त्याचे पैसे परत करावे लागतात किंवा वस्तू बदलून द्यावी लागते. धोका घरात बसलेला असतो. दुकान रिकामे केल्याने तो टळत नाही.

कायद्याचे असे बंधन नसतानाही भारतीय ग्राहकाला रिकॉलची ओळख झाली ती ऑगस्ट २००७ मध्ये. नोकिया कंपनीने १४ ऑगस्ट २००७ रोजी जगभर एक सूचना प्रसृत केली. जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनविलेल्या बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी अतितप्त होण्याची शक्यता असून त्या विनामूल्य बदलून दिल्या जातील, असे त्यात म्हटले होते. जगभरात अशा सुमारे १०० घटना कंपनीच्या नजरेस आल्या होत्या आणि त्यांत कोणाला गंभीर इजा झाल्याची नोंद नव्हती. तरीही भारतात सेवाकेंद्रांवर गर्दी उसळली. बॅटरीच्या मागील क्रमांक कळवून ती सदोष उत्पादनसंचातील आहे की नाही, याची खातरजमा लोक करून घेत होते. या प्रसंगाची खरी शिकवण घबराटीत नाही, त्या क्रमांकात आहे. प्रत्येक नगावर ओळखक्रमांक होता, म्हणून ३० कोटींहून अधिक बॅटऱ्यांतून सदोष बॅटऱ्या वेगळ्या काढणे शक्य झाले. ज्या वस्तूवर निर्मात्याचे नावही धड नसते, तिच्या बाबतीत असे काही होऊ शकत नाही.

यापुढील महत्त्वाचा टप्पा म्हणजे भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, २०१६. हा अधिनियम १२ ऑक्टोबर २०१७ पासून अंमलात आला. भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली होती आणि तिच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयएसआय’ हे चिन्ह रूढ झाले. संस्थेचे ब्यूरोत रूपांतर होऊनही चिन्ह तेच राहिले. मानकचिन्ह सामान्यतः ऐच्छिक असते, ही गोष्ट परीक्षार्थींनी नीट ध्यानात घ्यावी. लोकहित, सुरक्षा आदी कारणांसाठी केंद्र सरकार गुणवत्ता नियंत्रण आदेश काढते, तेव्हाच ते त्या वस्तूपुरते सक्तीचे होते. खेळण्यांसाठी असा आदेश १ जानेवारी २०२१ पासून, घरगुती प्रेशर कुकरसाठी १ फेब्रुवारी २०२१ पासून आणि दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी १ जून २०२१ पासून लागू झाला. प्रमाणित वस्तू मानकाला उतरत नसल्याचे आढळल्यास तिची विक्री थांबविण्याचा व बाजारातून ती परत मागविण्याचा निर्देश ब्यूरो देऊ शकतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि चारच दिवसांनी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अस्तित्वात आले. कलम २० अन्वये धोकादायक किंवा असुरक्षित माल परत मागविण्याचा आणि ग्राहकांना किंमत परत देण्याचा आदेश हे प्राधिकरण देऊ शकते. मात्र त्याआधी संबंधितास म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. प्राधिकरण आपण होऊनही चौकशी सुरू करू शकते, आणि १९८६ च्या व्यवस्थेहून मोठा फरक इथेच आहे. त्याच्या आदेशावर अपील राष्ट्रीय आयोगाकडे जाते.

अधिकार कागदावर असणे आणि तो वापरला जाणे यांत अंतर असते. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने वैध मानकचिन्ह नसलेले हेल्मेट, प्रेशर कुकर व गॅस टाक्या यांबाबत लोकांना सावध करणारी सुरक्षा सूचना काढली आणि पुढच्या वर्षी ई-वाणिज्य मंचांवर कारवाई केली. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनला आपल्या मंचावरून विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरच्या खरेदीदारांना कळविण्याचा, कुकर परत घेऊन किंमत देण्याचा आणि एक लाख रुपये दंड भरण्याचा आदेश झाला. फ्लिपकार्टच्या बाबतीत ही संख्या ५९८ होती. माल आपण विकत नाही, केवळ विक्रेता व ग्राहक यांची गाठ घालून देतो, हा अशा मंचांचा नेहमीचा युक्तिवाद असतो. ॲमेझॉनला या कुकरच्या विक्रीतून ६ लाख १४ हजार रुपयांहून अधिक शुल्क मिळाले होते. प्रत्येक विक्रीतून कमाई होत असताना जबाबदारी झटकता येणार नाही, अशी प्राधिकरणाची भूमिका होती. आदेशांना पुढे दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले.

कोट्यवधी कुकर वापरणाऱ्या देशात २,२६५ हा आकडा किरकोळ वाटेल, पण तो मोजता आला हेच महत्त्वाचे आहे. ऑनलाइन खरेदीत ग्राहकाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक नोंदलेला असतो. आठवडी बाजारात रोखीने घेतलेला कुकर, लग्नात आहेर म्हणून आलेला कुकर, मालकिणीने नवा घेतल्यावर घरकाम करणाऱ्या बाईला दिलेला जुना कुकर यांचा माग कोणत्याही वहीत नसतो. परिणामी, ज्याची ऐपत अधिक आणि खरेदी नोंदलेली, त्याच्यापर्यंत परत मागविण्याची सूचना पोहोचते. सर्वांत स्वस्त आणि म्हणून बहुधा सर्वांत धोकादायक वस्तू ज्याच्या घरात आहे, तो तिच्या कक्षेबाहेर राहतो. सध्याच्या व्यवस्थेतील ही सर्वांत मोठी विषमता होय आणि दंडाची रक्कम वाढवून ती दूर होणार नाही. अशा घरांसाठी माल बाजारात येण्यापूर्वीची तपासणी, म्हणजेच गुणवत्ता नियंत्रण आदेशांची काटेकोर अंमलबजावणी, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

दुसरी अडचण माहितीची आहे. अमेरिकेतील आयोगाने सुमारे १०० रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील नोंदींवरून, कोणत्या वस्तूमुळे किती इजा होतात याचा अंदाज बांधण्याची पद्धत दीर्घकाळ चालविली. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात गॅस टाकी किंवा स्टोव्ह यांच्या स्फोटाने झालेल्या मृत्यूंची वर्गवारी असते, परंतु वस्तू कोणत्या बनावटीची होती हे त्यातून कळत नाही. नोंदीतील या मोघमपणाची एक काळी बाजूही आहे. हुंड्यासाठी जाळण्यात आलेल्या स्त्रियांच्या प्रकरणांत ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे सासरचे ठरलेले उत्तर असे. १९८६ मध्ये भारतीय दंड संहितेत हुंडाबळीचे कलम ३०४-ब आणि पुरावा अधिनियमात त्याला पूरक गृहीतक घालावे लागले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. जळालेल्या स्टोव्हची तांत्रिक तपासणी रीतसर होऊन नोंदली गेली असती, तर सदोष स्टोव्हचा निर्माता आणि खोटे बोलणारे सासर या दोघांनाही लपायला जागा उरली नसती.

घरातील सर्व धोके मात्र कारखान्यात जन्मलेले नसतात. तीन पिनांच्या प्लगमधील भूसंपर्काची पिन लांब व जाड ठेवलेली असते, ती उपकरणाचे धातूचे आवरण विद्युत्प्रवाहाच्या आधी जमिनीशी जोडले जावे म्हणून. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तीच पिन तोडणारी घरे थोडीथोडकी नाहीत! पाणी तापविण्याचा विजेचा दांडा बादलीत असतानाच पाण्यात हात घालून पाहणे हाही असाच नित्याचा प्रकार. गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपियरचे यंत्र मुख्य फलकावर बसविल्यास अशा वेळी प्राण वाचू शकतात, पण जुन्या घरांत ते क्वचितच दिसते.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत साचतो. मूळचा तो गंधहीन असल्याने त्यात उग्र वासाचे इथिल मरकॅप्टन मिसळलेले असते. तो वास आल्यावर दिवा लावणे जितके घातक तितकेच दिवा बंद करणेही, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. खिडक्या-दारे उघडून, रेग्युलेटर बंद करून १९०६ या क्रमांकावर कळवावे. टाकीच्या कड्याला जोडणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीवर इंग्रजी अक्षर व दोन अंक असतात. ए म्हणजे मार्चअखेरची तिमाही, बी जूनअखेरची, सी सप्टेंबरअखेरची आणि डी डिसेंबरअखेरची. अंक वर्षाचे असतात. पुढील वैधानिक चाचणी केव्हा व्हायला हवी, ते यावरून कळते. मुदत उलटलेली टाकी नाकारण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

गॅस गिझरचा धोका याहून फसवा, कारण त्याला वास नाही. बंद स्नानगृहात प्राणवायू कमी पडला की अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. माणूस बेशुद्ध होतो आणि दाराला आतून कडी असते. उपकरण निर्दोष असूनही अपघात होतो तो मांडणीमुळे. येथे सदोषतेची व्याख्या कसोटीला लागते.

२०१९ च्या अधिनियमातील उत्पादन दायित्वाचे प्रकरण, कलमे ८२ ते ८७, या संदर्भात वाचावे. केवळ निर्मितीतील दोषच नव्हे, तर रचनेतील दोष आणि योग्य वापराच्या वा धोक्याच्या सूचना पुरेशा न देणे यांसाठीही निर्माता भरपाईस पात्र ठरतो. गिझर स्नानगृहाबाहेर बसवावा, ही सूचना ग्राहकाला समजेल अशी दिली होती काय, हा प्रश्न त्यामुळे कायदेशीर बनतो. दुसरीकडे, ग्राहकाने वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार केला असल्यास कलम ८७ दायित्वातून सूट देते. पिन तोडलेल्या उपकरणाबाबत दावा टिकणे अवघड, ते यामुळेच.

आठवडी बाजारातील कुकरचा विचार करताना कलम ८६ पाहावे लागते. निर्माता कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तर वस्तू विकणाराच उत्पादन दायित्वाच्या दाव्यास उत्तरदायी ठरतो. तक्रार ग्राहकाला आपल्या राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे करता येते. पण त्या विक्रेत्यानेच वस्तू विकली, हे सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी पावती लागते. विक्रीनंतर बिल किंवा पावती न देणे हीच २०१९ च्या अधिनियमाने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. बाजारकट्ट्यावरचा विक्रेता मागितल्यावरही ती देत नसेल, तर त्या नकाराचीच तक्रार राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.