मंडईतला टॅटू आणि बारा आठवडे

आज पाहुणा कोणी नाही, मीच बोलतोय.

दिवाळीनंतर आमच्या गोंदियाकडे गावोगावी मंडई भरते. तिथं मी हातावर टॅटू काढून घेतला. सुई नवी आहे का, विचारलंच नाही. पुढं रक्तदान केलं आणि रक्तपेढीतून फोन आला, हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह. टॅटूमुळेच झालं असं खात्रीनं सांगता येत नाही. त्रास तर काहीच नव्हता.

आईनं माझं ताट वेगळं केलं. काका म्हणाले, कावीळ उतरवणाऱ्याकडं न्या. मी गप्पच झालो.

शेवटी सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ही फक्त अँटिबॉडीची तपासणी. विषाणू आत्ता रक्तात आहे का, ते आरएनए तपासणीतच कळेल." माझ्या रक्तात निघाला. बारा आठवडे रोज गोळ्या घेतल्या. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. नंतर बारा आठवडे थांबून पुन्हा तपासलं, विषाणू नाही! शंभरातले पंचाण्णवच्या आसपास लोक असेच बरे होतात. अँटिबॉडी मात्र पुढंही पॉझिटिव्ह दिसू शकते, म्हणून तो रिपोर्ट जपून ठेवलाय.

हा आजार रक्तातून पसरतो, एका ताटात जेवल्यानं नाही. यावर लस नाही. म्हणून टॅटू असो की इंजेक्शन, सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. शंका असेल तर १८००-११-६६६६ या मोफत हेल्पलाइनवर विचारा.

परवा आईनं माझ्याच ताटातला घास घेतला. भेटू पुढच्या भागात.