जुळाऱ्याची केस आणि संगणकाची काळी खिडकी



मुंबईत १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि देवनागरी खिळ्यांच्या रेखीवपणाचा एक मानदंडच निर्माण झाला. त्या मुद्रणावर पोसलेल्या वाचकाच्या डोळ्यांना तुटके जोडाक्षर आजही खुपते.

असेच काहीसे एका परदेशी विद्वानाच्या बाबतीत घडले. १९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड कनूथ यांच्या हाती स्वतःच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची, नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. धातूच्या खिळ्यांची जागा प्रकाशजुळणीने घेतली होती आणि अक्षरांची कळा पार गेली होती. त्यांनी स्वतःच जुळणीची आज्ञावली रचावयास घेतली. वर्षभराचे वाटलेले काम सुमारे दहा वर्षे चालले. तीच 'टेक्' ही प्रणाली. ती सर्वांस विनामूल्य आहे. १९९१ साली नेदरलंड्समधील फ्रान्स व्हेल्टहाउस यांनी तिला देवनागरीची जोड दिली, आणि २००४ साली आलेल्या 'झीटेक्'मुळे युनिकोड मराठी थेट जुळवता येऊ लागली.

ग्रंथालयांशी या गोष्टीचा संबंध निकटचा आहे. जुन्या, विशिष्ट फाँटवर टंकलिखित केलेल्या ग्रंथसूच्या तो फाँट हरवताच निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसतात. टेक्‌साठी युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र साध्या अक्षरांचा असतो. प्रणाली बदलली तरी तो वाचता येतो.

अडचण एवढीच, की टेक्‌ला आज्ञा द्यावी लागते ती काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये. नवखा माणूस तेथेच थबकतो. आज्ञा धावते, खिडकी क्षणात मिटते, चुकीचा संदेश वाचण्याआधीच नाहीसा होतो. आणि 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून तो उठतो.

यावर उपाय साधा आहे. विंडोजच्या पडद्यावर माउसचे उजवे बटण दाबून 'न्यू' आणि मग 'शॉर्टकट' निवडावे. जागेच्या रकान्यात 'सीएमडी /के' लिहावे व नाव द्यावे. '/के' म्हणजे काम संपल्यावरही खिडकी उघडी ठेव. '/सी' लिहिल्यास ती मिटते. मग 'प्रॉपर्टीज'मधील 'स्टार्ट इन' रकान्यात आपल्या लेखनाच्या फोल्डरचा पत्ता भरावा. तो न भरल्यास खिडकी विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात उघडते आणि टेक्‌ला आपली फाइल सापडत नाही.

त्याच फोल्डरात 'बॅट' अंत्याची छोटी फाइल करून तीत 'झीलाटेक्'ची आज्ञा फाइलच्या नावासह दोनदा लिहावी. पहिल्या फेरीत प्रकरणांचे पृष्ठांक नोंदले जातात, दुसऱ्या फेरीत ते अनुक्रमणिकेत बसतात. या फाइलचे नाव '/के'पुढे जोडले, की शॉर्टकटवरील दोन टिचक्यांत जुळणी होते; आणि चूक झालीच तर तिचा ओळक्रमांक डोळ्यांसमोर राहतो.

जुळाऱ्याला केसमधील प्रत्येक खण हाताला ठाऊक असे. ही काळी खिडकीही तशीच एक केस आहे. ग्रंथालयातील एकाने जरी ती हाताळावयास शिकून दुसऱ्यास शिकवली, तरी आपल्या सूच्या पुढील पिढीला वाचता येतील. शतकापूर्वी ज्यांनी पै-पै जमवून ही कपाटे भरली, त्यांच्या श्रमांचे मोल त्यातच राखले जाईल.