मालिशवाल्या मावशींना शिबिराला बोलवा

मैत्रिणींनो, शहरात हल्ली गरोदर बायकांसाठी ‘लिम्फॅटिक ड्रेनेज’ मालिश मिळते. डेन्मार्कच्या एमिल व्होडर यांनी १९३०च्या दशकात ती बसवली. हात अगदी हलका, पावलाकडून वर. सुजलेल्या पायांना बरं वाटतं, एवढं खरं. आपल्या बाळंतिणीच्या मालिशीत मात्र रगडणं आलंच.

मला बोलायचंय ते सुजेबद्दल. दिवस भरत आले की संध्याकाळी पावलं सुजतात, रात्री पाय उशीवर ठेवले की उतरतात. त्यात घाबरण्यासारखं सहसा काही नसतं. पण चेहरा, हात एकाएकी सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि तडक दवाखाना गाठा. रक्तदाब मोजून घ्या, लघवी तपासून घ्या. बाळंतपणानंतरही सहा आठवडे हा धोका असतो.

तसंच एकच पाय सुजला, पोटरी गरम आणि दुखरी लागली, तर रगडू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते; ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. सिझेरियन झालेलीला हे भय जास्त.

हे आधी कळतं कुणाला? घरचे म्हणतात, “बाळंतीण आहे, सूज असायचीच!” मावशीचा हात मात्र रोज तिच्या अंगावरून फिरतो. आपण तिच्याशी पैशांवरून घासाघीस करतो (हो, आपणसुद्धा), आणि आरोग्य शिबिराला तिला बोलावत नाही. पुढच्या शिबिराला या बायकांना आवर्जून बोलवा, आणि त्यांचा बुडालेला रोज संघटनेनं भरून द्यावा.