खांद्याच्या एमआरआयची चिठ्ठी

उपस्थित अस्थिरोगतज्ज्ञ, क्षकिरण विभागातील सहकारी, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीहून आलेले आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी मित्रहो,

मी क्षकिरणतज्ज्ञ आहे. रुग्ण दिसण्याआधी त्याची चिठ्ठी माझ्या हातात पडते आणि तिच्यावर पुष्कळदा एवढाच मजकूर असतो: 'उजवा खांदा, दुखणे, एमआरआय.' आज मला त्या मजकुरात काय नसते, याविषयी बोलायचे आहे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा धानावर जगतो. आषाढात पऱ्हे रोवणाऱ्या बायांपासून राइस मिलमध्ये कट्टे वाहणाऱ्या हमालांपर्यंत सगळी मजुरी खांद्यावरून जाते. एका माणसाने किती ओझे वाहावे याबद्दल आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये ५५ किलोंची शिफारस केली. दोन वर्षांनी महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. तरीही थप्पीवर पोते चढवताना पाय घसरतो, भार एका हातावर येतो आणि हात वर उचलणे तिथेच थांबते. असा माणूस आपल्याकडे महिना-दोन महिन्यांनी पोहोचतो. मधल्या काळात मालिश झालेली असते, एक्स-रे झालेला असतो आणि 'हाड शाबूत आहे' हे ऐकून घरचे निर्धास्त झालेले असतात.

हाड शाबूत असते, कंडरा तुटलेला असतो. एक्स-रेला तो दिसत नाही. एमआरआयला दिसतो, कारण ते यंत्र शरीरातल्या हायड्रोजनचा, म्हणजे मुख्यतः पाण्याचा आणि चरबीचा, माग काढते. नेहमीच्या दीड टेस्ला यंत्राचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट असते. निरोगी कंडरा त्या चित्रात काळा दिसतो आणि फाटलेल्या जागी शिरलेले पाणी पांढरे चमकते. पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये अशा प्रतिमेची वाट दाखवली. २००३ मध्ये त्यांना आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना नोबेल मिळाले.

पण 'फाटला आहे' एवढेच कळल्याने शल्यविशारदाचे काम होत नाही. फाटलेले टोक किती मागे सरकले, फाट आरपार आहे की अर्धवट, आणि मुख्य म्हणजे मागच्या स्नायूत चरबी किती भरली, हे त्याला हवे असते. चरबीची ही प्रतवारी गुताल्ये यांनी १९९४ मध्ये सीटी स्कॅनवर मांडली, पुढे ती एमआरआयवरही वापरली जाऊ लागली. स्नायूत एकदा भरलेली चरबी कंडरा शिवल्यावरही सहसा परतत नाही. म्हणून माझे ठाम मत आहे: काल-परवापर्यंत पोती वाहणारा माणूस एका झटक्यानंतर हात उचलू शकत नसेल, तर साधा एक्स-रे काढून त्याला लगेच एमआरआयला पाठवा. त्याला सहा महिने गोळ्यांवर ठेवणे म्हणजे त्याची मजुरी कायमची घालवणे आहे.

आता दुसरी बाजू. १९९५ मध्ये शेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खांद्याची काहीही तक्रार नसलेल्या ९६ जणांचे एमआरआय केले. त्यांतल्या ३४ टक्क्यांच्या रोटेटर कफमध्ये फाट दिसली. साठीपुढच्यांत हे प्रमाण ५४ टक्के होते. दुखत नव्हते, हात चालत होता, तरी फाट होती. त्यामुळे पासष्टीच्या आजोबांच्या अहवालात मी 'फाट' असे लिहिले, तर तीच त्यांच्या दुखण्याचे कारण आहे, हे ते चित्र सिद्ध करत नाही. ते तुमचे हात ठरवतात. शिवाय सुप्रास्पायनेटसचा कंडरा हाडाला चिकटण्याआधी वळतो आणि तिथे चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन होतो. काही क्रमिकांत ती निरोगी जागाही उजळ दिसते. दुसऱ्या क्रमिकेत ती पुन्हा काळी होते का, हे आम्ही न तपासता अहवाल दिला, तर फाट कागदावर जन्म घेते. माझ्या विभागातल्या तरुण सहकाऱ्यांना एवढेच सांगेन की टेबलावर हात पोटावर ठेवून घेऊ नका. तो अंगालगत, किंचित बाहेर वळवून ठेवा, म्हणजे कंडरा नीट उलगडतो.

खांदा धरला म्हणून येणाऱ्या पन्नाशीतल्या मधुमेही बाईला तर बहुधा एमआरआय लागतच नाही. कोपर अंगाला टेकवून तुम्ही तिचा हात बाहेर वळवून पाहा. तुमच्या हातानेही तो वळत नसेल आणि एक्स-रे निर्दोष असेल, तर निदान तिथेच झाले. तिला रक्तातली साखर तपासून घ्यायला आणि व्यायामाला पाठवा. सालेकशाच्या गावातून एमआरआयसाठी निघालेल्या माणसाची गाडीभाड्यासह मजुरीही जाते आणि सोबतीला आलेल्याचीही जाते. तो खर्च आपण चिठ्ठीच्या एका ओळीने ठरवत असतो.

ज्या खांद्यासाठी मी सर्वांत जास्त आग्रह धरणार आहे, तो आपल्या भागाचा खास आहे. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मधून मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. रक्ततपासणीची शिबिरे होतात, लाल-पिवळी कार्डे वाटली जातात. पण त्या कार्डाचा आणि खांद्याचा संबंध आपल्या मनात अजून पक्का बसलेला नाही. विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि हाडाचा गोळा आतून मरू लागतो. असे मांडीच्या गोळ्यात सर्वाधिक होते, त्याखालोखाल दंडाच्या गोळ्यात. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असतो. एमआरआयवर मात्र मृत भागाची कड आधीच उमटते. गोळा खचल्यावर एक्स-रेलाही दिसते, पण तोवर बावीस-तेवीस वर्षांच्या पोराचा सांधा हातचा गेलेला असतो. वेळेत कळले तर जड काम थांबवता येते, हायड्रॉक्सियुरिया चालू आहे की नाही हे पाहता येते आणि त्याच खेपेत कमरेचे दोन्ही सांधेही तपासता येतात. तापासोबत खांदा दुखत असेल, तर हाड मेले की जंतुसंसर्ग झाला, हे एमआरआयवरही सहज सुटत नाही. तिथे सांध्यातले पाणी काढून तपासायला संकोच करू नये.

निखळलेल्या खांद्याबद्दल थोडक्यात. विजेचा झटका किंवा फिट यानंतर खांदा मागे निखळतो आणि समोरून काढलेल्या एक्स-रेत सुटून जातो. काखेतून घेतलेला एक्स-रे तो पकडतो, त्यासाठी एमआरआयची वाट पाहू नका. तरुणाचा खांदा वारंवार पुढे निखळत असेल, तर लेब्रम पाहण्यासाठी सांध्यात औषध सोडून केलेला एमआरआय अधिक उपयोगी, आणि तसे चिठ्ठीत लिहिलेले असेल तरच आम्ही त्याची तयारी ठेवू शकतो.

म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. जिल्ह्यात खांद्याच्या एमआरआयसाठी एकच छापील चिठ्ठी असावी. तीत रुग्णाचे वय आणि काम, दुखापतीची तारीख, हात स्वतः किती उचलतो आणि तुम्ही उचलल्यावर किती जातो, एक्स-रेत काय दिसले, मधुमेह व सिकलसेल आहे का, आणि शेवटी तुमचा प्रश्न, एवढ्या जागा असाव्यात. अंगात पेसमेकर किंवा लोखंडाचा कण आहे का, हेही त्यातच विचारावे. चिठ्ठीत प्रश्न असेल तर अहवालाच्या पहिल्या ओळीत त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आम्हा क्षकिरणतज्ज्ञांची राहील. मसुद्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. आरोग्य केंद्रातल्या ओपीडीत एवढे लिहायला वेळ मिळत नाही, असे कोणाला वाटत असेल, तर कोणती ओळ गाळायची हे त्यांनीच सत्रात सांगावे.