कंपनी कायद्याच्या वकिलीची पूर्वतयारी

(व्याख्यानाचा मजकूर)



वकील म्हटले की काळा कोट, न्यायालयाचा जिना, पुढची तारीख आणि उलटतपासणी एवढेच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. मागील पिढ्यांपुरते ते खरेही होते. वकिलीतून सार्वजनिक जीवनात आलेले अण्णासाहेब लठ्ठे १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. त्या काळी, मुंबईतील सॉलिसिटरांच्या पेढ्या सोडल्या, तर कायदा शिकलेल्या तरुणापुढे न्यायालय आणि लोककारण याच दोन मोठ्या वाटा होत्या. आज कायद्याच्या वर्गात बसलेली मुले-मुली 'कॉर्पोरेट लॉ' असे तिसरेच नाव घेतात आणि घरातील वडीलधाऱ्यांना प्रश्न पडतो, की न्यायालयात उभा न राहणारा हा वकील करतो तरी काय?

तो कागद करतो आणि कागद वाचतो. एक कंपनी दुसरीस विकत घेत असेल, कोणी भांडवल गुंतवीत असेल, बँक मोठे कर्ज देत असेल किंवा कंपनी शेअर बाजारात उतरत असेल, तर त्या व्यवहारापूर्वी शेकडो कागद तपासावे लागतात. जमिनीचे दस्त, कर्जाचे करार, संचालकांच्या सभांचे वृत्तान्त, कर खात्याच्या नोटिसा यांतून धोका कोठे दडला आहे ते शोधून तो करारनाम्याच्या भाषेत बांधावयाचा असतो. न्यायालयातील वकील भांडण झाल्यानंतर येतो. हा भांडणाच्या आधी येतो. त्याने काम चांगले केले तर त्याचे नाव कोणास कळतही नाही, ही या व्यवसायाची एक गंमतच म्हणावयाची.

या तयारीचा आरंभ बहुतेक विद्यार्थी चुकीच्या टोकाकडून करतात. कोणत्या पेढीत उमेदवारी मिळेल, किती प्रमाणपत्रे जमतील, याची चिंता पहिल्या वर्षापासून सुरू होते. व्यापारी घरातील मुलाजवळ मात्र एक भांडवल आधीच असते आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही. जमा-नावे, उधारी, व्याज, भागीदारीतील हिस्सा हे शब्द त्याने पुस्तकात वाचण्यापूर्वी घरात ऐकलेले असतात. महाविद्यालयात गेल्यावर हे सारे 'दुकानदारी' म्हणून मागे टाकण्याची त्याला घाई होते. वास्तविक कंपनी कायद्याच्या वकिलाला सर्वांत आधी काय यावयास हवे, तर ताळेबंद वाचता यावयास हवा.

सत्यम कॉम्प्युटर्सचे प्रकरण याचा दाखला आहे. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीच्या अध्यक्षांनी पत्राने कबूल केले, की ताळेबंदात दाखविलेल्या रोख व बँक शिलकेपैकी सुमारे ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या कंपनीला स्वतंत्र संचालक होते, नामांकित लेखापरीक्षक होते. कलमे पाठ असलेला परंतु आकड्यांना बिचकणारा वकील अशा ताळेबंदापुढे बसविला, तर तो कायद्याची पूर्तता झाली एवढेच सांगू शकेल. म्हणून पदवीच्या काळातच वर्षाला दोन-तीन कंपन्यांचे वार्षिक अहवाल संपूर्ण वाचावेत. त्यांतील टिपा, विशेषतः संबंधित व्यक्तींशी केलेले व्यवहार आणि संभाव्य देणी, या आधी वाचाव्यात. अध्यक्षांचे गुळगुळीत निवेदन शेवटी वाचले तरी चालते.

दुसरी तयारी म्हणजे मूळ कायदा वाचण्याची सवय. २०१३ चा कंपनी कायदा ४७० कलमांचा आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाईडवरून तो संपविता येतो आणि पुढच्या आठवड्यात विसरताही येतो. रोज दोन कलमे, त्यांतील व्याख्या आणि परंतुकांसह, स्वतःच्या शब्दांत मांडण्याचा क्रम ठेवला, तर वर्षभरात सर्व कायदा एकदा नजरेखालून जातो. त्यासोबत १८७२ चा करार कायदा पक्का हवा. त्यावाचून पुढचे काही उभे राहत नाही. सेबीची विनियमने, २०१६ ची दिवाळखोरी संहिता, परकीय चलनाचा कायदा हे सारे नंतर, गरजेप्रमाणे.

निवाडे मात्र सारांशावरून नव्हे, मुळातून वाचावेत. थोडेच वाचावेत, पण पूर्ण. १८९७ चा इंग्लंडमधील सॉलोमन खटला हा बूट बनविणाऱ्या एका घरगुती धंद्याचा खटला होता. पत्नी, मुलगी व चार मुलगे यांना प्रत्येकी एक शेअर देऊन बापाने कंपनी उभी केली, आणि ती कंपनी बापाहून वेगळी व्यक्ती आहे असे हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरविले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली बच्चा गझदर प्रकरणात, चहाच्या कंपनीचा भागधारक तिच्या मळ्यांचा मालक ठरत नाही, त्यामुळे त्याला मिळणारा लाभांश शेतीचे उत्पन्न नव्हे, असे सांगितले. 'कंपनी म्हणजे आमचीच पेढी' असे मानणाऱ्या घरांना हे दोन निवाडे अजूनही पचलेले नाहीत.

तिसरा निवाडा तर प्रत्येक व्यापारी कुटुंबाने ऐकावा असा आहे. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन, सर्वोच्च न्यायालय, १९९१. एका खाजगी कंपनीत दोन भावांच्या शाखांचे निम्मे-निम्मे शेअर होते. कोणास शेअर विकावयाचे झाल्यास त्याने आपल्याच शाखेतील सदस्यांना आधी विचारावे, असा समझोता १९५१ साली झाल्याचे एका पक्षाचे म्हणणे होते. कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, ती अट घातलेली नव्हती. न्यायालयाने म्हटले, की नियमावलीत नसलेले असे बंधन ना कंपनीला बांधते, ना भागधारकांना. चाळीस वर्षे दोन्ही घरे ज्या समजुतीवर विसंबली असतील, ती एका वाक्याच्या अभावी निरुपयोगी ठरली. दिलेला शब्द पाळणे हे घराण्याचे भूषण होय, यात शंका नाही. परंतु शब्द देणारे भाऊ जातात आणि उरतात चुलतभाऊ. विद्यार्थ्याने या निवाड्यावरून एक अभ्यास करावा. ती अट नियमावलीत घालावयाची असती, तर ती कोणत्या शब्दांत लिहिली असती? किंमत कोणी ठरवावयाची, किती दिवसांत उत्तर द्यावयाचे, वारसाहक्काने शेअर आले तर काय, लेकीकडे आले तर काय? एवढ्या प्रश्नांची उत्तरे एका पानात बसविणे याचे नाव मसुदा लेखन. पाचशे पानांच्या पाठांतरापेक्षा असे एक पान अधिक शिकवून जाते.

ज्यांना याच्या पुढे जावयाचे आहे त्यांनी टाटा-मिस्त्री वादातील तिन्ही निर्णय क्रमाने वाचावेत: कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाचा २०१८ चा, अपील न्यायाधिकरणाचा २०१९ चा आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा. घटना त्याच असून पहिला निर्णय दुसऱ्याने फिरविला आणि दुसरा तिसऱ्याने. अल्पसंख्य भागधारकावरील अन्याय म्हणजे नेमके काय, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा या तीन निर्णयांच्या तुलनेतून अधिक कळते.

उमेदवारीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे ती करावी लागते. मोठ्या पेढ्या मुंबई, दिल्ली, बेंगळुरूत आणि त्यांचा ओढा राष्ट्रीय विधी विद्यापीठांकडे, ही वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने म्हणून खचावयाचे कारण नाही. त्याने क्रम बदलावा. पहिली उमेदवारी गावातील सनदी लेखापाल किंवा कंपनी सेक्रेटरी यांच्याकडे करावी. तेथे कंपनीची नोंदणी, वार्षिक विवरणपत्रे, सभांचे ठराव प्रत्यक्ष हाताखालून जातात. दुसरी जिल्हा न्यायालयात, कारण करार मोडल्यावर काय होते हे पाहिल्याखेरीज करार लिहिता येत नाही. मुद्रांक पुरेसा नसल्यामुळे दस्त पुराव्यात घेतला जात नाही, हा प्रसंग तेथे एकदा डोळ्यांनी पाहिला की जन्मभर लक्षात राहतो. मग मुंबईच्या पेढीला अर्ज करावा आणि तो काही महिने आधी करावा. तेथील चार आठवड्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च अनेक घरांना जड जातो. गुणवत्ता असूनही मुले मागे राहतात ती बहुधा येथेच.

भाषेचा अडसर खरा आहे, पण त्याचे स्वरूप गैरसमजुतीने वाढविले जाते. मातृभाषेच्या माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला फर्डे इंग्रजी बोलता आले पाहिजे, असे नाही. त्याला स्वच्छ, छोट्या वाक्यांचे इंग्रजी लिहिता आले पाहिजे. रोज एका करारातील एक लांबलचक कलम घेऊन ते आधी मराठीत सांगावे, मग तीन छोट्या इंग्रजी वाक्यांत उतरवावे. मराठीत सांगता आले नाही, तर ते कलम समजलेलेच नाही असे खुशाल समजावे.

शेवटी पालकांच्या माहितीसाठी एक व्यावहारिक बाब. पदवीनंतर सनद घेऊन विधी पेढीत काम करणारा वकीलच राहतो. परंतु एखाद्या कंपनीत पूर्ण वेळ पगारी नोकरी स्वीकारल्यास बार कौन्सिलच्या ४९ व्या नियमाप्रमाणे त्याला वकिली करता येत नाही आणि तसे कळवून सनद स्थगित ठेवावी लागते. पुढे न्यायालयाकडे वळावेसे वाटले, तर ती पुन्हा सुरू करून घेण्याची सोय आहे. नोकरीचे पत्र हाती आल्यावर मुलगा किंवा मुलगी हा अर्ज करते आहे ना, एवढे घरच्यांनी विचारून घ्यावे.