पैसे भरण्याआधी एक फोन



संयोजकांनी मला आयटीतल्या संधींवर बोलायला सांगितलं होतं. पण वर्षभरात तुमच्यापैकी ज्यांचे फोन आले, त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "पोरगी बारावी झाली. वर्षभर परदेशात काम करते, भाषा शिकते, मग पुढचं कॉलेज म्हणते. पाठवू का गं?" आपली मुलं आता त्या वयाची झाली आहेत, म्हणून त्यावरच बोलते.

पाठवा, असंच माझं मत आहे. बाहेर जाऊन शिकून येणं मावळाला नवं नाही. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ सालचा. लोकांकडून एकेक पैसा जमवून तो उभा राहिला, आणि तो चालवायला आलेले ईश्वरदास वार्ष्णेय जपान-अमेरिकेत शिकून आले होते. प्रश्न जाण्याचा नाही, कोणाच्या भरवशावर जायचं याचा आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला एका एजंटाने जर्मनीतल्या वृद्धाश्रमात वर्षभर 'स्वयंसेवक' म्हणून जागा देऊ केली. दीड लाख रुपये, त्यातले पन्नास हजार दोन दिवसांत. दाजींनी पतसंस्थेत कर्जाचा अर्जही दिला होता. कागद देखणे होते. लेटरहेड, शिक्का, सही, सगळं. फक्त व्हिसा पर्यटकाचा काढायचा, 'तिथे गेल्यावर बदलून मिळतो' म्हणे. शेंगेनच्या त्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि नोकरी करता येत नाही. मग वर्षभराचं काम बसणार कुठे? मी लेटरहेडवरचा नंबर बाजूला ठेवला, त्या वृद्धाश्रमाचा नंबर स्वतः शोधला आणि फोन लावला. भाचीचं नाव तिथे कुणीच ऐकलं नव्हतं.

आमच्या कामात एक साधा नियम आहे. ज्याने प्रोग्राम लिहिला, त्याच्या एकट्याच्या तपासणीवर तो ग्राहकाकडे जात नाही. इथेही तेच. एजंटाने दिलेला नंबर, त्यानेच दिलेला 'जाऊन आलेला मुलगा', त्यानेच पाठवलेले फोटो, ही पडताळणी नव्हे. आपली वाट आपण शोधायची.

खरी जागा कशी असते, तेही सांगते. जर्मनीत २०११ पासून 'बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट' म्हणजे केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना आहे. त्यात लेखी करार असतो, हातखर्चाला पैसे मिळतात, सामाजिक विमा असतो. दुसरी वाट ओ-पेअरची. एखाद्या कुटुंबात राहून मुलं सांभाळायची, वय २७ च्या आत, जर्मन भाषेची तोंडओळख हवी. आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम, महिना २८० युरो हातखर्च, भाषावर्गासाठी ७० युरो, दीड दिवस सुट्टी. दोन्हींत निघण्याआधीच त्या कामाचा व्हिसा काढावा लागतो. एवढे तपशील कागदावर मिळाले नाहीत, तर थांबा. आणि भाषा इथूनच सुरू करा. पुण्याला मॅक्सम्युलर भवन आहे, लोणावळा लोकल आहे.

नोकरी म्हणून पाठवणार असतील तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पण ती यादी नोकरी लावणाऱ्यांची. 'स्वयंसेवा' म्हटलं की तपासणी आपल्यावरच येते.

हे पैशांपुरतं असतं तर मी एवढं बोलले नसते. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. चांगल्या नोकरीच्या आमिषाने नेऊन म्यानमार सीमेवरच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर त्यांना कामाला जुंपलं होतं. तीही कुणाची तरी मुलंच. म्हणून मुलांना एक गोष्ट बजावून सांगा: पासपोर्ट 'जपून ठेवायला' म्हणून कुणाच्याही हातात द्यायचा नाही. परतीच्या तिकिटाएवढे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवायचे.

आता मागणं. भाचीच्या वेळी मला इंग्रजीत फोन करता येत होता, व्हिसाचे नियम वाचता येत होते. पवन मावळातल्या एखाद्या आईने कुणाला विचारायचं? आपल्या बॅचचे लोक जर्मनीत आहेत, अमेरिकेत आहेत, दुबईत आहेत. शाळेच्या कुठल्याही मुलाने पैसे भरण्याआधी आपल्यातल्या एकाने तिथे फोन करायचा, जमलं तर त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं. एका रविवारचं काम आहे.

सरांच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. आपलं नाव, गाव आणि सध्याचा देश लिहा. पहिलं नाव मी लिहिलंय. जेवायला जाण्याआधी तुमचंही येऊ द्या.