ठिणगी अगोदर की नंतर?

कागलजवळ माझ्या मामांच्या घरी गोठ्याला लागून एक जुनी शेव्हरलेट मालमोटार उभी असते. सहा सिलिंडरांची, पेट्रोलवर चालणारी. एके काळी तिने कोल्हापूरच्या पेठेत गूळ वाहिला. आता वर्षातून एकदा, जत्रेला, ती बाहेर निघते. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचे काम सुरू केले आणि या जातीच्या गाड्या आपल्याकडे दिसू लागल्या. पुढे १९५४ साली जमशेदपूरला टाटांच्या डिझेल मालमोटारी बनू लागल्या. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, जमवणारे मिस्त्रीही कमी होत गेले.

परवाच्या जत्रेआधी मामा मला म्हणाले, "लेका, गाडी वढंना झालीय. चढाला मान टाकती, पाणी उकळतंय." मी गणिताचा अध्यापक, इंजिनाची हौस आहे इतकेच. मी जायच्या आधीच कोणा मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून दिला आणि गाडी ओढू लागली. सगळे खूश. आठ दिवसांनी मामांच्या मुलाने पॉइंट घासून, फट मापून, अगदी नियमाप्रमाणे लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी हँडल मारले. हँडल उलटे फिरले आणि मामांचे मनगट मोडले.

मुलाने काही चुकीचे केले होते का? नाही. मग झाले काय?

ठिणगी पडली की सगळे पेट्रोल एकदम पेटत नाही. ज्वाला पसरायला थोडा वेळ लागतो, म्हणून दट्ट्या अगदी वर पोचण्याच्या किंचित आधीच ठिणगी द्यावी लागते. हा वेळ केवढा? गुरुजींनी वर्गात करून घ्यावे असे हे गणित आहे. मिनिटाला २४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ४०. एका फेऱ्याचे ३६० अंश. तेव्हा एक अंश म्हणजे सेकंदाचा १४,४०० वा भाग. ठिणगी उशिरा पडली तर जोर वाया जातो, इंजिन तापते. फार लवकर पडली तर चढत्या दट्ट्यालाच खाली रेटा बसतो. इंजिन वेगात असेल तर तो कसाबसा वर निघून जातो. पण हाताने हळू फिरवताना तोच रेटा हँडल उलटे फेकतो.

आता गोम अशी. पॉइंट उघडतो त्या क्षणी ठिणगी पडते. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतो, टायमिंग मागे पडते. मामांच्या गाडीचा मूळ रोग हा होता. मिस्त्रीने झिजलेली टाच तशीच ठेवून डिस्ट्रिब्युटर फिरवला आणि उणीव भरून काढली. मुलाने फट वाढवून बरोबर केली, तेव्हा ठिणगी आणखी अलीकडे आली. दोन दुरुस्त्यांची बेरीज झाली.

म्हणून फट आधी, टायमिंग नंतर. आणि फट बदलली की टायमिंग पुन्हा पाहिलेच पाहिजे. त्याआधी डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटांनी आडवा हलवून बघावा. तो खुळखुळत असेल तर बुश बदलल्यावाचून फट एका जागी राहायची नाही. फट सुमारे १८ थाऊ, म्हणजे इंचाचे १८ हजारांश.

मग कॉइलची जाडी तार काढून तिचे टोक चेसिसला टेकवून ठेवावे आणि सगळे प्लग काढावेत. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धरून कोणाला तरी हँडल हळू फिरवायला सांगावे. अंगठ्याला दाब जाणवला की तो फेरा आपला. हे पाहायचे कारण, फ्लायव्हीलवरची खुणेची पोलादी गोळी खिडकीत दोनदा येते. त्यातली एक वेळ धूर बाहेर टाकण्याची असते. डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने फिरतो, त्याचा हा परिणाम. ६ व्होल्टचा लहान दिवा घ्यावा, एक तार डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या स्क्रूला, दुसरी चेसिसला. किल्ली चालू करून इंजिन पुन्हा हळू फिरवावे. गोळी काट्यासमोर यायला आणि दिवा लागायला एकच गाठ पडली पाहिजे. दिवा आधी लागला तर ठिणगी लवकर आहे.

एवढे करूनही चढावर दम लागत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आतली वजने गंजून अडकली असतील. रोटर हाताने पिळून सोडावा. तो झटकन मागे आला पाहिजे.

जुने चालक कानाने टायमिंग लावीत: टकटक ऐकू येईपर्यंत पुढे न्यायचे आणि थोडे मागे घ्यायचे. त्या काळच्या पेट्रोलला ते ठीक होते. आजच्या पेट्रोलचे ऑक्टेन पुष्कळ जास्त, आणि या इंजिनाचा दाब जेमतेम साडेसहा पट; ठिणगी फार लवकर पडली तरी टकटक होईलच असे नाही. मामांच्या गाडीनेही आधी काही आवाज दिला नव्हता.

मामांचे प्लास्टर दीड महिन्याने निघाले. आता हँडल धरताना ते अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात आणि हँडल खालून वर ओढतात. खाली दाबत नाहीत. मुलगा म्हणतो, बाबा, आता बटण दाबा की! मामा म्हणतात, बॅटरी नवी आण, मग दाबतो.